शून्य दोष आणि निघोज्याचा ढवळ्या

अण्णासाहेब ओव्हाळ चौतीस वर्षं कंपनीत ब्रेकचे भाग तपासत होते. निवृत्त झाल्यावर तपासायला भाग उरले नाहीत, म्हणून त्यांनी भाकरी तपासायला घेतली.

"कस्तुरा, ही डाव्या बाजूला जाड आहे."

"मग डावी बाजू खाऊ नका."

"तसं नाही. कालची बरोबर होती. म्हणजे प्रोसेसमध्ये व्हेरिएशन आहे. रेकॉर्डला घे."

कस्तुराबाईंनी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला होता. व्हेरिएशन त्यांना नवं नव्हतं. "प्रोसेस गॅसजवळ उभी आहे आणि तिच्या हातात उलथनं आहे," त्या म्हणाल्या. "आता पुढं बोला."

अण्णासाहेबांनी डावी बाजूही खाल्ली. पण निगडी प्राधिकरणातल्या त्या सोसायटीत एकही वस्तू त्यांच्या नजरेतून सुटली नाही. लिफ्टचं दार काल पाच सेकंदांत मिटलं, आज सात. पाटीवरचं 'वाहने उभी करू नयेत' डावीकडे अर्धा इंच कललेलं. एकदा शेजाऱ्यांच्या साखरपुड्यात त्यांनी पेढा हातात घेऊन असा काही उजेडाकडे धरला, की मुलीच्या बापानं घाबरून विचारलं, "काही निघालं का हो?"

त्यांना हसणं सोपं होतं, आणि सोसायटी मनापासून हसायची. पण एक गोष्ट हसणाऱ्यांना ठाऊक नव्हती. कंपनी चिंचवडला होती तेव्हा अण्णासाहेबांचे वडील तिच्या गेटवर ट्रक भरायचे. बावीस वर्षं भरले. साहेब लोक त्यांना नावानं कधी हाक मारत नसत, नुसतं "ए" म्हणायचे. मुलगा आयटीआय करून त्याच गेटनं आत गेला, फायनल इन्स्पेक्शनला बसला, आणि मग त्याच्या सहीशिवाय एकही ट्रक हलेना. कंपनी चाकणला हलली तेव्हा सहीही चाकणला हलली. मोठमोठे साहेब टेबलाशी येऊन म्हणायचे, "ओव्हाळ, जाऊ द्या ना, एवढंसं तर आहे." ओव्हाळ म्हणायचे, "एवढंसं आहे म्हणूनच राहिलंय. मोठं असतं तर तुम्हालाही दिसलं असतं."

चौतीस वर्षांत त्यांनी दोष असलेला माल एकदाही सवलतीनं सोडला नाही. कंपनीत त्यासाठी 'कन्सेशन' नावाचा कागद असतो. मालात खोट आहे, गिऱ्हाईक तरीही घ्यायला तयार आहे, असं लिहून दोघांनी सह्या करायच्या. त्या कागदाचं एक कोरं पॅड अण्णासाहेबांना नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळालं होतं. निवृत्तीच्या दिवशी ते तसंच कोरं घरी आलं. इतरांनी घरी घड्याळं आणली, यांनी कोरं पॅड आणलं आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं.

अशा माणसाच्या हाती सोसायटीचा सेक्रेटरी निरंजन यानं एक पुस्तक दिलं. चूक त्याची होती.

निरंजन हिंजवडीला नोकरीला. बोलताना हातांनी हवेत चौकोन काढायचा. "काका, क्विकली सांगतो. दृष्टिहीन लोकांसाठी पुस्तकं करणारी एक संस्था आहे. ते पुस्तकाच्या पानांचे फोटो काढतात, कॉम्प्युटर त्या फोटोवरून अक्षरं ओळखतो, मग मोबाईल ती अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवतो. पण कॉम्प्युटर ओळखताना चुका करतो. आपण फक्त फोटो आणि मजकूर शेजारी ठेवायचा, चूक दिसली की दुरुस्त करायची. एका पानाला दहा मिनिटं. मी तुम्हाला लूपमध्ये घेतो."

अण्णासाहेबांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर ते असे कुणी पाहिले नव्हते. "म्हणजे बेसिकली इन्स्पेक्शन!"

पुस्तक आलं. मावळातल्या आणि चाकणकडच्या जुन्या बाजारपेठांचा इतिहास, पानं तीनशे बारा. लेखक कधीच वारलेले, प्रकाशन बंद पडलेलं. पहिल्या दिवशी अण्णासाहेबांनी चाळीस मिनिटांत चार पानं नीट करून टाकली आणि तिथंच त्यांच्या मनात शंका आली. इतकं सोपं काम बरोबर असूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये डिपार्टमेंट उभं राहिलं. एक टेबल आणि तीन डबे: हिरवा पास झालेल्या पानांचा, पिवळा संशयितांचा, लाल नापासांचा. लाल डबा कस्तुराबाईंचा पिठाचा होता. तो गेल्याचं त्यांना भाकरी थापायला बसल्यावर कळलं. प्रत्येक पान कागदावर छापायचं. मग चार टप्पे: आवक तपासणी, चालू तपासणी, अंतिम तपासणी आणि डिस्पॅचपूर्व तपासणी. चौथ्या टप्प्यावर एक वेलांटी जरी हुकलेली सापडली, तरी पान पुन्हा पहिल्या टप्प्यावर. भिंतीवर तक्ता लागला, 'शून्य दोष'. आणि त्याखाली लाल अक्षरांत नियम: लॉट पूर्ण झाल्याशिवाय एकही पान गेटबाहेर जाणार नाही.

माणसं लागणार होती. एक मिळाला अर्जुनराव. मूळचा निघोज्याचा. जमीन कंपन्यांत गेली, मुलानं निगडीत फ्लॅट घेतला, आणि अर्जुनराव आठव्या मजल्यावर बोलायला माणूस नाही म्हणून दिवसभर क्लबहाऊसमध्ये बसायचा. आवाज असा, की ग्रामसभेत माईक बंद पडला तर लोक म्हणायचे, बरं झालं, आता नीट ऐकू येईल.

"काम काय हाय?" त्यानं विचारलं.

"फोटोतलं पान मोठ्यानं वाचायचं. मी छापलेल्या कागदावर ताडून बघणार."

"वाचायचं? त्ये तर आमी फुकाट करतो."

"इथं सगळंच फुकट आहे, अर्जुनराव."

"मग तर जमलंच म्हना की राव!"

महिनाभर हे असं चाललं. कॉम्प्युटरच्या चुका इतक्या, की लाल डबा भरून वाहायला लागला आणि हिरव्यात सात पानं. निरंजननं मीटिंग घेतली. दर शनिवारी सकाळी उभ्या उभ्या मीटिंग व्हायची, कारण बसून झाली की लांबते म्हणे. उभ्यानंही ती तासभर लांबायची, फक्त अर्जुनरावाचे गुडघे दुखायचे.

"प्रोसेसच चेंज करू," निरंजन म्हणाला. "कॉम्प्युटरचा मजकूर सुधारत बसण्यापेक्षा अर्जुनकाका वाचतील तसा माझा जुना मोबाईल ऐकून टाइप करेल. फ्रेश माल. आणि मग फोटोशी ताडून बघायचं कामच ड्रॉप. ते नॉन-व्हॅल्यू ॲड आहे, त्यानं मालात काही भर पडत नाही."

हा शब्द अण्णासाहेबांनी कंपनीत शेकडो वेळा ऐकला होता आणि त्याच्यापुढं कुणाचं काही चाललेलं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "रेकॉर्डला घ्या."

प्रोसेस बदलली. क्लबहाऊसमध्ये आवाज घुमतो म्हणून अर्जुनराव वर ओव्हाळांच्या घरी बसून वाचायचा, मोबाईल टाइप करायचा, निरंजन पान छापायचा, आणि अण्णासाहेब त्यावर पट्टी ठेवून एकेक अक्षर पुढं सरकायचे. काना. मात्रा. अनुस्वार. पुढचं. पानाच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीला काय होतं हे त्यांना आठवत नसे, आणि आठवायची गरजही नव्हती. ब्रेकचा भाग तपासताना गाडी कुठं चाललीय हे कुणी विचारतं का?

तीन महिन्यांत हिरव्या डब्यात चाळीस पानं जमली. प्रत्येकावर शिक्का: ओके, अ. ओव्हाळ.

महिन्याच्या दोन तारखेला फोन आला.

"ओव्हाळकाका का? मी सिदरा शिकलगार, चिंचवडहून. संस्थेनं नंबर दिला, मजकूर सगळा तुमच्याकडेच आहे म्हणाले. ते बाजारपेठांचं पुस्तक तुमच्याकडे आहे ना? ते मी मागितलंय."

अण्णासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. कस्टमर! "बोला मॅडम."

"मॅडम नका म्हणू हो, माझे अब्बा पण हसतील. इम्तियाज गॅरेजवाले, स्टेशनजवळ. मी एमए करते, इतिहास. चोवीस तारखेला पेपर आहे आणि सगळा पेपर या एका पुस्तकावर. मला दिसत नाही, त्यामुळं छापील पुस्तक असून नसल्यासारखं. मागच्या वर्षी पुस्तक तयार झालं नाही म्हणून मी पेपर सोडला. या वेळी सुटला तर संपलं, प्रवेशच रद्द होतो. काका, सगळ्यात जास्त प्रश्न येतात ती दोन, चौथं आणि नववं प्रकरण तरी पाठवाल का?"

"मॅडम, अर्धवट माल गेटबाहेर जात नाही."

"अर्धवट चालेल मला."

"दोष असतील."

"असू देत की. मी कॉम्प्युटरचा कच्चा मजकूर बारावीपासून वाचते. 'बाजार'चा 'बागार' झाला तर मला कळतं, बागार नावाचा काही प्रकार नसतो."

अण्णासाहेब परत खुर्चीत बसले. "तुम्ही... रिजेक्शनचा माल वापरता?"

पलीकडे खुदकन हसणं. "काका, मी काय करते, मीच येते तुमच्याकडे. बारा तारखेला. बघते तरी काय चाललंय."

तिनं हे सहज म्हटलं. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कुठल्याही कंपनीच्या माणसाला विचारा, 'मी येते, बघते' असं कस्टमर म्हणाला की त्याचा अर्थ एकच होतो. ऑडिट!

आणि ऑडिट आलं की काम थांबतं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडलेला कुणी पाहिलेला नाही. पानांचं काम दोन तारखेला दुपारी बंद झालं आणि तयारी सुरू झाली. क्लबहाऊसच्या फरशीवर चालायच्या वाटेचे पिवळे पट्टे मारायचे ठरले. दारात कुंड्या. भिंतीवर आलेख: मागच्या तीन महिन्यांतली प्रगती, निळ्या रंगात. 'आपले सहर्ष स्वागत' असा चार फुटी फ्लेक्स, त्यावर तिघांचे फोटो. निरंजननं बेचाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं आणि सगळ्यांनी ॲलाइन व्हावं म्हणून त्याची दोनदा तालीम घेतली. अर्जुनरावानं धुतलेला सदरा इस्त्रीला दिला.

अकरा तारखेला दुपारी कस्तुराबाई पिठाच्या डब्याची चौकशी करायला खाली आल्या. अण्णासाहेब गुडघ्यांवर बसून दोरी धरून पट्टा रंगवत होते. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पट्टे पाहिले. आलेख पाहिला. फ्लेक्स पाहिला. चौथीच्या वर्गाकडे बघतात तसं एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"ती मुलगी बघणार कशानं हे?"

ब्रश थांबला. निरंजननं हवेत काढायला घेतलेला चौकोन अर्ध्यावर राहिला.

दुसरा कुणी असता तर शरमेनं ब्रश टाकून उठला असता. पण ऑडिटच्या आदल्या दिवशी क्वालिटीचा माणूस उठत नाही, तो उपाय काढतो. अण्णासाहेब म्हणाले, "गॅप आहे. मान्य. करेक्टिव्ह ॲक्शन अशी, की अर्जुनराव तिच्याबरोबर चालतील आणि प्रत्येक गोष्ट तोंडी सांगतील."

"पट्टे सांगणार?"

"पट्टेसुद्धा."

कस्तुराबाई लाल डबा उचलून वर गेल्या. आतली नापास पानं त्यांनी जाता जाता खुर्चीवर ओतली.

सिदरा बाराला सकाळी चिंचवडहून बसनं निगडीला उतरली आणि रिक्षानं आली. पांढरी काठी, पाठीवर सॅक, गळ्यात इअरफोन. रिक्षावाल्याला "थँक्यू मामा, परत जाताना मी दिसले तर तुम्हीच हाक मारा, मी नाही मारणार," म्हणाली, आणि तो हसत हसत गेला. दारात अर्जुनराव इस्त्रीच्या सदऱ्यात उभा.

"या ताई. आता आपन आत चाललोय. दोन्ही अंगाला कुंड्या हायेत. शेवंती. फुलली न्हाई, पन येतील. म्होरं डाव्या हाताला पिवळा पट्टा हाय, उजव्या हाताला बी पिवळा पट्टा हाय. मधून चालायचं. पट्ट्यावर पाय ठिवू नका, कालच वला मारलाय."

"पट्टा कशाला?"

अर्जुनरावाला हे कुणी शिकवलं नव्हतं. "चालायला," तो म्हणाला.

"पट्टा नसला तर?"

"तरी बी चालत्यात."

सिदराच्या काठीनं तोवर दोन्हीकडे चाचपून घेतलं होतं. काठीचं टोक ओल्या पट्ट्यातून फिरलं आणि तिथून टेबलापर्यंत फरशीवर एक वाकडीतिकडी पिवळी रेघ गेली. आखलेल्या वाटेपेक्षा ती निम्मी होती आणि थेट खुर्चीशी पोहोचली होती. अण्णासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

निरंजननं प्रोजेक्टर सुरू केला. "तर या स्लाइडवर तुम्हाला दिसेल की..." तो थांबला. "सॉरी. आय मीन..."

"चालेल हो," सिदरा म्हणाली. "दिसलं असं धरते. पुढं?"

सहाव्या स्लाइडला तिनं हळूच विचारलं, "दादा, अजून किती धरायच्यात?"

"छत्तीस."

"मग पुस्तक ऐकूया का आधी?"

अण्णासाहेबांनी स्वतः हिरव्या डब्यातलं चाळिसावं पान काढलं. चार टप्पे, चार सह्या, एक शिक्का. कागद तिच्या काय कामाचा, म्हणून निरंजननं तेच पान तिच्या मोबाईलवर पाठवलं. तीन महिन्यांत गेटबाहेर पडलेलं पहिलं पान. अण्णासाहेबांचे हात आपोआप पाठीमागे बांधले गेले. ऑडिटर माल हातात घेतो तेव्हा ते असेच उभे राहत.

मोबाईल बोलायला लागला. गरम तेलात मोहरी टाकावी तसा तडतड तडतड आवाज, एक शब्द कुणाला लागेना.

"बिघडलाय का?" अर्जुनराव.

"नाही, मी या वेगानं ऐकते. तुमच्या वेगानं ऐकलं तर एमएला म्हातारी होईन." ती ऐकत होती, मान हलत होती, आणि मग मान एकदम थांबली. भुवया वर गेल्या. तिनं परत मागं नेलं. परत ऐकलं. तिचे खांदे हलायला लागले.

"काका, हे पान ओके आहे?"

"चारदा तपासलेलं."

"सगळ्यांनी ऐका मग." तिनं वेग कमी केला. मोबाईलमधली बाई एका सुरात, बातम्या सांगाव्यात तशी वाचू लागली:

"या पेठेत जनावरांचा बाजार नदीच्या बाजूस भरत असे व्हय की हितंच आमच्या आज्यानं ढवळ्या इकला आन घरी येऊन बघतो तर ढवळ्या त्याच्या आदी गोठ्यात हजर आता काय करायचं सांगा वैनी चहा उतू चाललाय बघा हां कुठं होतो आपन बाजारावरील देखरेख पाटलाकडे असे."

वाक्य संपलं तशी सिदरानं मोबाईल थांबवला.

"माझं तोंड," अर्जुनराव कळवळून म्हणाला. "मी बोललो त्ये समदं ह्या डबड्यानं लिवलं व्हय? मला वाटलं, त्येला पुस्तकातलं कंचं आन माझं कंचं कळत आसंल."

"टेक्निकली," निरंजन म्हणाला, "ते फीचर आहे."

अण्णासाहेबांनी पान हातात घेतलं. पट्टीशिवाय, पहिल्यांदाच, वाक्य वाचावं तसं वाचलं. वैनी चहा उतू चाललाय बघा. काना बरोबर. मात्रा बरोबर. अनुस्वार जिथल्या तिथं. एक दोष नाही. आणि खाली चार ठिकाणी त्यांची सही, ज्या सहीशिवाय चौतीस वर्षं ट्रक हलला नव्हता.

ते खुर्चीवर बसले. खुर्चीवर कालची नापास पानं होती. ते त्यांच्यावरच बसले.

"बाकीच्या पानांत पण आहे का हो असं?" सिदरानं विचारलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आशा होती. "या आज्याचं पुढं काय झालं?"

"काय व्हनार," अर्जुनरावाला राहवेना. "दुसऱ्या दिशी परत निऊन दिला. सांच्याला परत गोठ्यात. तिसऱ्या बारीला यापारी हात जोडून म्हनला, दादा, ह्यो बैल माझा न्हाई, तुमचाच हाय."

सिदरा पोट धरून हसली. मग हसणं आवरून तिनं काठी मांडीवर आडवी ठेवली आणि अण्णासाहेबांचा श्वास ऐकून बरोबर त्यांच्याकडे तोंड केलं.

"काका, कॉम्प्युटरनं काढलेला कच्चा मजकूर तुमच्याकडे सगळा आहे ना? तीनशे बारा पानांचा?"

"आहे. पण तो पास केलेला नाही."

"तोच द्या मला. चौथं आणि नववं, आत्ता. सुधारलेली पानं जमतील तशी मागनं पाठवा."

"नाही जमणार, मॅडम." आवाज खाली आला होता. "मी खोट असलेला माल कधी सोडला नाही. माझे वडील त्या गेटवर... जाऊ दे. माझ्या नावावर एक कन्सेशन नाही. एकही."

"माझ्या नावावर एक सोडलेला पेपर आहे," सिदरा म्हणाली. "मागच्या वर्षी पुस्तक नव्हतं म्हणून सोडला. या वर्षी काय सांगू? पुस्तक होतं, पण शून्य दोष हवे होते म्हणून सोडला?"

निरंजननं प्रोजेक्टर बंद केला.

अण्णासाहेब उठले आणि क्लबहाऊसमधून बाहेर गेले. पट्ट्यांमधून गेले नाहीत, सरळ गेले, चपलेला रंग लागला. अर्जुनरावाला वाटलं, रुसून गेले. दहा मिनिटांनी ते परत आले, मागं कस्तुराबाई. त्यांच्या हातात चहाचा ट्रे, यांच्या हातात एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं पॅड.

पहिल्या पानावर त्यांनी कार्बन घातला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, कस्टमरला कळावं म्हणून. "माल: प्रकरण चार आणि नऊ. दोष..." पेन अडखळलं. चौतीस वर्षांत या रकान्यात काय लिहितात हे त्यांनी पाहिलं नव्हतं. "दोष: किती आहेत माहीत नाही. वापर: चोवीस तारखेचा पेपर. मान्यता, तपासनीस." त्यांनी सही केली. "मान्यता, कस्टमर."

"बोट ठेवा कुठं करायची ते," सिदरा म्हणाली. त्यांनी तिचं बोट रकान्यावर टेकवलं. तिनं सही केली, सिदरा इम्तियाज शिकलगार, शेवटचा 'र' रकान्याबाहेर गेला. अण्णासाहेबांनी तो पाहिला आणि काही बोलले नाहीत. कस्तुराबाईंनी ते न बोलणं पाहिलं.

निरंजननं दोन्ही प्रकरणं पाठवली. तीन महिने न गेलेला माल तीन मिनिटांत गेला.

"आता दुरुस्ती," अण्णासाहेब म्हणाले. "बासष्ट पानं. दिवस बारा. निरंजन, टप्पे किती ठेवायचे यावर जरा..."

"टप्पे नाहीत," कस्तुराबाई म्हणाल्या. "चौथं तुम्ही, नववं मी. फोटो शेजारी ठेवायचा आणि वाचायचं. वाचायचं म्हणजे कळेल असं."

"तू? तुला हे येतं?"

"एकतीस वर्षं पोरांच्या वह्या कुणी तपासल्या? तीन महिने तुम्ही माझा डबा मागितलात, मला नाही विचारलंत."

नववं प्रकरण सोळा तारखेला गेलं. चौथं वीसला, आणि तेही शेवटची अकरा पानं बाईंनी ओढून घेतल्यावर. डबे, तक्ते, शनिवारची मीटिंग आपोआप बंद पडली. निरंजन विचारायचा, "काका, स्टेटस?" आणि काका फोटोवरून डोळे न काढता म्हणायचे, "वाचतोय."

चोवीसला पेपर संपल्यावर फोन आला.

"काका, झाला पेपर! सतरा चुका राहिल्या होत्या चौथ्यात, सगळ्या मला कळल्या. आणि जनावरांच्या बाजारावर प्रश्न होता पंधरा मार्कांचा. मी ढवळ्या घातला त्यात."

"मॅडम, तो दोष होता!"

"मी लिहिलंय, 'निघोजे येथील एका कुटुंबाच्या तोंडी आठवणीनुसार'. माझा लेखनिक लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, ताई, तिसऱ्यांदा पण आला का बैल?"

दीड महिन्यानं निकाल लागला. सिदरा पास झाली. चांगली झाली. त्या दिवशी ती पेढे घेऊन आली आणि अण्णासाहेबांनी एक पेढा उजेडाकडे न धरता तोंडात टाकला. मग तिनं आपली मागणी सांगितली. पुस्तकाची अडीचशे पानं बाकी होती. ती पुरी करायची, पण एकेक पान आधी तिच्याकडे ऐकायला यायचं. तिनं हो म्हटलं तरच संस्थेला जायचं.

"म्हणजे फायनल इन्स्पेक्शन तुमचं," अण्णासाहेब सावकाश म्हणाले.

"हो. आणि मी सवलत देत नाही," सिदरा म्हणाली. हुबेहूब त्यांच्या आवाजात. अर्जुनराव ठसका लागेपर्यंत हसला.

आता रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडलेलं असतं. एका बाजूला कस्तुराबाई, दुसऱ्या बाजूला अण्णासाहेब, आणि चहाच्या वेळेला हटकून येणारा अर्जुनराव. त्याच्यासमोर कुणी मोबाईल उघडा ठेवत नाही. भाकरी डावीकडे जाड झाली तरी बोलायला कुणाला सवड नसते. क्लबहाऊसमधले पट्टे पुसून झाले, काठीची रेघ तेवढी निघाली नाही. आणि दर दोन दिवसांनी टेबलावरचा फोन वाजतो.

"ओव्हाळकाका, पान एकशे बारा. तिसऱ्या ओळीनंतर वाक्य मधेच तुटतंय, एक अख्खी ओळच गाळलीत तुम्ही. रिजेक्ट."

"पण मी दोनदा..."

"रेकॉर्डला घ्या."

अण्णासाहेब फोन ठेवतात, चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात. बाई खालमानेनं हसू दाबतात. आणि अर्जुनराव बशीतला चहा फुर्रकन ओढून, आठव्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात सांगतो:

"आला बघा ढवळ्या गोठ्यात!"